दिवसाउजेडी खांदेरी

कफ परेडला चौतिसाव्या मजल्याच्याही वर,
जिथे लिफ्टची मोटर ग्रीस पिऊन घुमत असते,
तिथल्या जाळीतून रात्रपाळीला
दक्षिणेकडे एक उजेड दिसतो.
दिसतो, मिटतो.
मधला वेळ मी घड्याळ लावून मोजलाय.
अकरा वर्षं आमची ओळख एवढीच.

परवा जेवताना सहज म्हणालो,
रविवारी जाऊन येऊ या का, खांदेरीला?
कुंदाने तव्यावरची नजर न काढता विचारलं,
किती पडतील?

लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
गेटवे ते मांडवा, माणशी, जाऊन-येऊन.
पुढे थळपर्यंत सहाआसनी, म्हणजे अकरा माणसं.
थळहून होडी, आणि तिथे माणशी नसतं,
अख्ख्या होडीचे द्यायचे.
आम्ही तिघंच.
"तेवढ्यात मुक्ताचा चष्मा होतो," कुंदा म्हणाली.
टोमणा नव्हता. चष्मा खरंच व्हायचाय.

थळच्या हिराजी नाखव्याला फोन लावला.
मागे इंजिनाची भकभक, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देतंय.
"बघायला काय हाय म्हणता?
तोफा हायत. वेताळ हाय, आमचा.
एक धोंडा हाय, मारला का भांड्यावानी वाजतो.
तासाभरात फिरून व्हतं.
ऊन मरणाचं, पाणी तुमचं तुम्ही आणा.
आन वारा असला तर मी धक्क्याला लावायचा नाय,
लांबूनच दाखवीन. पैसे तेच."

आणि दिवा, मी विचारलं.

"दिवा सांजचा लागतो, शेठ.
तुम्ही चारच्या आत माझ्या व्हडीत पायजे."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
ज्याला भेटायला एवढा उंबरठा ओलांडायचा
तो त्या वेळी नसणारच.
असेल एक उंच बांधकाम, रंगवलेलं,
डोक्यावर काच, काचेत दुपार.
मला तरी दिवसा कोण ओळखतं?
पगाराच्या चौकशीला एकदा सकाळी अकराला गेलो
तर माझ्याच बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं,
कुणाकडे?

मुक्ताने निराळंच काढलं.
"तिथून तुमची बिल्डिंग दिसेल?"
दिसेल, हवा धुरकट नसली तर. टाचणीएवढी.
"मग तिथे तुमच्या जागेवर कोण असेल?"
रविवारी वाघचौरे असतो.
"मग आपण त्यांना हात करू."
वाघचौरे दिवसा झोपतो मोटरशेजारी, पेपर अंथरून.
हे मी तिला सांगितलं नाही.

वसूल होणं म्हणजे काय, हे मला लिफ्टपुरतं कळतं.
इकडे पाळणा, तिकडे लोखंडी वजन,
मध्ये तार, आणि तार कुरकुरली नाही
की सगळं बरोबर आहे.
इथे एका बाजूला चष्मा ठेवला,
बाराशेची होडी ठेवली, ऊन ठेवलं,
कुंदाची एकुलती एक सुट्टी ठेवली.
दुसऱ्या बाजूला काय टाकायचं?
वाजणारा धोंडा?
विझलेला दिवा?
कागदाच्या उजव्या अंगाला मी रेघ मारली
आणि खाली बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो.

आज शनिवार.
"आधी वारा बघ," कुंदा म्हणते,
आणि म्हणता म्हणता बटाटे लावते कुकरला. सहा.
घरी आम्हाला चार पुरतात.

ठरलं असं काही नाही.
पाळीवर आलोय. जाळीतून उजेड येतोय, जातोय.
हत्यारांच्या पेटीतून चौदा नंबरचा पाना काढला,
फडक्याने पुसला, डब्याच्या पिशवीत टाकला.
धोंडा काय, कशानेही मारला तरी वाजत असेल.
तरी पाना आपला असावा.