मांड

ओवळ्याच्या मागे, खाडीकडच्या मैदानात
डाबरेबाईंनी पहिल्याच दिवशी रिकिबी काढून घेतल्या.
"पाय लोंबू देत. आधी बसायला शिका."

एकतीस वर्षं विमा कंपनीच्या खुर्चीत काढली मी,
आणि मला बसायला?

चिंच नावाची तांबडी घोडी.
तिची पाठ मात्र हिशेब मागत होती:
डावं हाड कुठंय, उजवं कुठंय,
श्वास का कोंडलायस.
टाच मारली, तिने कान मागे टाकले.
लगाम ओढला, मान ताठ.
दोघंही आपापल्या हट्टावर,
लाल मातीत एकच गोल रिंगण.

"ओरडताय तुम्ही तिच्यावर," बाई म्हणाल्या,
"तोंड बंद ठेवून."

मार्गशीर्ष गेला, पौष गेला.
मांड्या सोलवटून निघाल्या.
घोडबंदरला कंटेनर खोळंबलेले नेहमीसारखे,
आणि इकडे एका सकाळी
वळायचं म्हणून मी नुसतं तिकडे पाहिलं.
कंबर फिरली असेल, बोटभर.
चिंच वळली.

मी तर काहीच केलं नव्हतं.

डाबरेबाईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला.
"हं. आता परत तेच करा."

नाही जमलं.