साडेपाचनंतर

नवा कायदा आला तेव्हा मी आधी त्याची पानं मोजली.
बावीस, आणि मागे जोडलेला एक तक्ता.
सल्लागार बाई, ऑरेलिया, तासाचे दोनशे ऐंशी डॉलर घेते,
म्हणाली, मिस्टर झामित, थोडक्यात सांगू?
हा दगड आता कापायचा नाही.
ओला नाही, कोरडा नाही, जुन्या गिऱ्हाइकासाठीसुद्धा नाही.
बसवलेला उपटायचा असेल तर आधी कळवायचं.

हा म्हणजे तो पांढरा,
क्वार्ट्झचा चुरा राळेत दाबून, भाजून केलेला.
हळद सांडा, वाइन सांडा, डाग पडत नाही.
मेलबर्नच्या या पश्चिम टोकाला
त्याच्याच ओट्यांवर लोक टोस्ट खातात, भांडतात,
मुलांचा गृहपाठ घेतात.
पंधरा वर्षांची हमी.
खाली सही माझी.

वडील माल्टाहून आले ते छिन्नी घेऊन.
त्यांचा दगड मधाच्या रंगाचा, चाकूनं कोरता यायचा,
संध्याकाळी ते अंगणात शर्ट झटकायचे
आणि आई ओरडायची, एवढंच.
मला वाटायचं दगड म्हणजे दगड.

ख्वोंग बारा वर्षं ब्लेडवर होता.
पाणी सोडलं की कड दिसत नाही, असं तो म्हणायचा.
की मी म्हणायचो?
ते आता वकिलांच्या पत्रव्यवहारात ठरेल.
मास्क होते. कागदाचे.
एका खोक्यात पन्नास, आणि खोकं महिना पुरवायचं.

पहिला इन्स्पेक्टर यायचा होता त्याच्या आदल्या रात्री
आम्ही सगळी शेड धुऊन काढली.
त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला
आमच्याकडे धूळ काही कमी नव्हती.
आणि त्याच वर्षी नाताळच्या जेवणात
मी ग्लास उंच करून म्हणालो,
तीन मोठ्या दुकानांना आपण धूळ चारली.
सगळे हसले.
ख्वोंगही हसला, हसता हसता खोकला,
आणि टेवोद्रोसनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग छातीचा स्कॅन सक्तीचा झाला.
नऊ जण गेले.
आठ जणांचे रिपोर्ट एकेका पानाचे.

ऑरेलिया म्हणते, अजून एक कायदा आहे,
तो आता छोट्या धंद्यांनाही लागू झालाय:
कामाची वेळ संपल्यावर मालकाचा फोन
कामगारानं उचललाच पाहिजे असं नाही.
पूर्वी मी रात्री साडेनऊला लावायचो.
ख्वोंग, उद्या सहाला ये, एसेंडनचं किचन राहिलंय.
मागून टीव्हीचा आवाज, मुलीचा आवाज,
आणि तो म्हणायचा, ओके बॉस.
एकदाही पाच रिंगांच्या वर गेली नाही.

काल रात्री लावला.
काम काहीच नव्हतं. काम उरलंच नाहीये.
विचारायचं होतं, जिना चढताना थांबावं लागतं का,
आणि अजून एक वाक्य होतं,
ते वकिलानं लिहून दिलेलं नव्हतं,
उलट, बोलू नका म्हणून बजावलेलं.
अकरा रिंगा मोजल्या.
हक्क आहे त्याचा, मी स्वतःशीच म्हणालो,
तक्त्यासकट वाचलाय मी.
फोन ओट्यावर ठेवला.
आमच्या घरातला ओटाही तोच, पांढरा,
काठ ख्वोंगनंच गोल केलेला.
हात फिरवला तर कुठेही अडत नाही.

आज सकाळी बरोबर सातला,
ज्या वेळी तो ब्लेड सुरू करायचा,
मेसेज आला.
आता बोला.

मी शेडमध्ये उभा आहे.
मशीन बंद, पंखे बंद, नळसुद्धा गळत नाही.
थांब, आवाजात ऐकू येत नाहीये,
असं सांगायची आज सोय नाही.