अकरा ते साडेअकरा

अंबडच्या गेटवर माझा पास काढून घेतला,
त्याला उद्या पाच महिने.
वॉचमन बोडके मान खाली घालून म्हणाला,
"द्या साहेब."
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब म्हणाला.

सुरुवातीला मी दिवसभर हिशेब करायचो.
दात घासताना हप्ता, चहात हप्ता,
जिन्यात देवरेकाकूंच्या
"काय, आज सुट्टी का?" मध्ये हप्ता.
रात्री तीनला उठून तीच बेरीज,
जणू अंधारात एखादा आकडा
लाजून कमी होईल.

मग वैजूने वही काढून घेतली.
भांडली नाही. ज्वारीच्या डब्यात ठेवली,
वर झाकण, झाकणावर वरवंटा.
म्हणाली, अकरा ते साडेअकरा. दोघांनी बसून.
बाकीचे साडेतेवीस तास
बँकेच्या बापाचे नाहीत.

आता अकराला वही निघते,
पानांतून दोन-चार दाणे सांडतात.
फोन स्पीकरवर.
वसुलीवाला पोरगा कागद बघून बोलतो,
आम्ही खरं ते सांगतो : या महिन्यात एवढेच.
एकदा त्याला खोकल्याची उबळ आली.
वैजू म्हणाली, अडुळसा घे रे.
तिकडे क्षणभर काहीच नाही.
मग त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

साडेअकरा. झाकण. वरवंटा.

रोज जमतं असं नाही.
परवा मृण्मयीच्या सहलीचा कागद आला
आणि मी तिच्यावर ओरडलो,
म्हणजे हप्त्यावर ओरडलो, पण समोर ती होती.
रात्री तिच्याजवळ जाऊन सांगितलं,
तू महाग नाहीस.
याहून बरं वाक्य मला सुचलं नाही.
"माहितीये," म्हणाली, पुस्तकात बघत.
पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मी टर्नर.
शाफ्ट आणि बुश यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते,
ड्रॉइंगवर लिहिलेली असते, अधिक-उणे.
नवी पोरं गच्च बसवून अभिमानाने दाखवायची.
मी म्हणायचो, लोखंड तापलं की फुगतं रे,
फट नसली की जाम होतं,
आधी किंचाळतं, मग तुटतं.
किती जणांना सांगितलं असेल.
घरी येऊन स्वतःला सांगायचं
राहूनच गेलं.

खैरनारने दार लावून घेतलंय.
आमचे पास एकाच ट्रेमध्ये पडले होते.
त्याचा फोन बंद. वहिनी दारातूनच सांगतात, झोपलेत.
दुपारी बाराला झोपलेत, संध्याकाळी सहाला झोपलेत.

काल बुधवार. गोदाकाठच्या बाजारात
घडातून सुटलेले द्राक्षमणी,
वीस रुपयांना ढीग.
देठ नाही म्हणून भाव नाही.
पिशवी भरून घेतली, पवननगरला गेलो.
"झोपलेत."
म्हटलं, झोपू द्या. मी बसतो.

बसलो. पंखा बंद, थंडीचे दिवस,
भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर,
तोंड भिंतीकडे करून टांगलेलं.
वहिनींनी चहा दिला, तो संपला,
कप विसळून झाला, तरी बसलो.
शेवटी पडदा हलला.
दाढी वाढलेली, अंगावर शाल, समोर टेकला.
नोकरीचं मी काढलं नाही. त्यानेही नाही.
पिशवीतला एक मणी उचलून
चिमटीत धरला, फिरवला,
सवयीने, व्हर्नियर लावल्यासारखा,
आणि म्हणाला, "अठरा."

मी म्हटलं, "साडेसतरा."

वहिनी पोराच्या कंपासमधली पट्टी शोधायला आत गेल्या.