टिंबानंतर

बेलग्रेडमधली तळघराची खोली. खिडकीतून
फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसत.
राडोय्का इथे अर्ज तपासायची:
धंदा असेल तर सीओ, विद्यापीठ असेल तर एसी,
संस्था-मंडळांना ओआरजी,
आणि सगळ्यांच्या शेवटी, न मागता, वाययू.
विभक्तीचा प्रत्ययच म्हणा ना,
चा ची चे.
कोण कुणाचं, ते शेवटी कळायचं.

"नेमकं करता काय तुम्ही?"
एवढंच विचारायचा तिला पगार.
माणसं अडखळत.

स्पासोये मधमाशीवाला म्हणाला,
मध विकतो; पण शनिवारी पोरांना पोळी दाखवतो,
आणि खोकल्यासाठी मागितला तर पैसे घेत नाही.
मला कुठे बसवता?
इतर दिवशी घेता ना? मग सीओ.
तो रुसून गेला. पुढच्या सोमवारी
एक बरणी ठेवून गेला, फुकट,
तिला खोटं पाडायला.

एक बाई आली. पिशवीत मुलाचे फोटो,
मुलगा नव्हता.
त्याच्या नावाने एक पत्ता हवा, म्हणाली, एवढंच.
अर्जात नुसत्या माणसासाठी रकानाच नव्हता.
कंपनी काढा, राडोय्का म्हणाली,
आणि स्वतःचंच वाक्य ऐकून
खिडकीतल्या बुटांकडे बघत बसली.

मग देशच सुटा होत गेला.
कुणी एसआय नेलं, कुणी एचआर, कुणी बीए,
भाऊ वेगळे निघताना भांडी नेतात तसं.
शेवटी उरलेल्या दोघांतही वाटणी झाली:
इकडे आरएस,
डोंगरातल्यांच्या वाट्याला एमई.
इंग्रजीत त्याचा अर्थ मी.
ते जगभर खपलं. ज्याला त्याला मी हवा होता.
राडोय्काने जुन्या वहीतून त्या बाईचा नंबर काढला.
तीनदा लावला.

दोन हजार दहा, मार्चअखेर. वाययू पुसलं.
आवाज वगैरे काही झाला नाही,
बूट चालत राहिले.
टिंब दिलं की वाक्य संपतं
असं शाळेत शिकवलेलं;
इथे टिंबाच्या पुढेच तर
सगळी माणसं राहत होती.

बरणी तिच्या ओट्यावर आहे अजून.
लेबलवर पत्ता छापलेला, वाययूपर्यंत अख्खा.
टाइप करून पाहिला, तर उघडत नाही.
मधाची साखर झालीय.
चमचा तिरका घालावा लागतो, मनगटाने जोर देऊन.
निघतो मग.