हजेरी

सात वीसला बसचा हॉर्न अजून वाजतो,
दत्त नगरच्या वळणावर, दोनदा.
पहिल्या आठवड्यात उठून उभी राहायचे ती मीच,
हातात डबा, डब्यात काही नाही.

शाळा सोडली म्हणजे नेमकं काय सोडलं
ते मला कुणाला सांगता येत नाही.
भार्गवचा डबा रोज जसाच्या तसा परत यायचा,
चपातीची घडीसुद्धा न मोडलेली.
मॅडम म्हणाल्या, तोंडच उघडत नाही.
घरी तर तो मांजराला पिल्ली, पिल्ली म्हणत
तासभर तेलुगूत भांडतो.
जूनमध्ये फीच्या रांगेतून लक्ष्मीपती परत आले,
पैसे तसेच खिशात.
"तूच शिकव," म्हणाले,
आणि रात्रपाळीला निघून गेले.

मग मी शाळा काढली.
ताटावर पळी मारून घंटा.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमागे स्केचपेनने वेळापत्रक:
गणित, मराठी, परिसर, मधली सुट्टी.
हजेरीची नवी वही. पटसंख्या दोन.
"हरिणी येमूल."
"हजर."
"भार्गव येमूल."
समोरच तर बसलोय,
अशा चेहऱ्याने तो बघत राहिला.

इरम्मा काकू जाळीतून विचारतात,
काय गं, फी थकली का?
मी नाही म्हणते,
पण आवाज थकल्यासारखाच येतो.

मंगळवारी गणिताच्या तासाला पाणी आलं.
पाच दिवसांनी येणारं पाणी वेळापत्रक बघत नाही.
पिंप, घागरी, कळशी, कुकरसुद्धा.
हरिणी दारात उभी राहून मोठ्याने मोजत होती.
आपण माणशी रोज किती वापरतो, तिने काढलं,
आणि काकूंची मोटर किती ओढते, तेही.
दुसरं उत्तर ती त्यांना जाऊन सांगून आली.
त्या संध्याकाळी जाळीला पडदा होता.

अपूर्णांक शिकवायला कडक भाकरी घेतली.
पुस्तकातले चारही भाग सारखे असतात,
ही भाकरी तिला हवी तशी मोडते.
भार्गवने तुकडे जुळवले. मधे फट राहिली.
शेंगाचटणीने त्याने ती बुजवली
आणि म्हणाला, झाली एक.
आता याला बरोबर म्हणू की चूक?

मागच्या गल्लीत माग चालतात,
खटक खट, खटक खट,
सातचा पाढा त्याच ठेक्यावर बसला.
लाईट गेली की माग थांबतात
आणि भार्गव सात सक बेचाळीसवर थांबून राहतो,
लाईट यायची वाट बघत.

गुरुवारी मी ओरडले.
कशावरून ते आता आठवत नाही.
ऱ्हस्व-दीर्घ असेल, उकाडा असेल,
आत माणूस झोपलाय म्हणून
दिवसभर दबून बोलायचा वीट असेल.
पट्टी आपटली,
आणि माझ्या चौथीच्या बाई
माझ्याच तोंडातून बोलल्या, हुबेहूब.
भार्गव मोरीत जाऊन बसला. आतून कडी.
मी दाराला टेकून बसले, बाहेर.
नळ एक एक थेंब गळत होता, त्याचे ऐकत.

शनिवारी वही उघडली.
पटसंख्या खोडून तीन केलेली.
हरिणीच्या तिरक्या अक्षरात खाली माझं नाव,
उज्ज्वला लक्ष्मीपती येमूल.
सोमवार हजर. मंगळवार हजर, उशिरा, पाण्यामुळे.
बुधवार हजर.
गुरुवारच्या चौकटीत "गै".
शुक्रवारची चौकट रिकामी,
तिला ठरवता आलं नसावं.

मी पेन उचललं. ठेवलं.
आत लक्ष्मीपती घोरत होते.
"हरिणी येमूल."
"हजर."
"उज्ज्वला येमूल," मीच म्हणाले,
आणि मलाच पटकन उत्तर सुचेना.
भार्गव गुडघ्यांवर सरकत आला,
वहीत डोकं घातलं, वरून खाली बोट फिरवलं.
"पिल्लीचं राहिलं," म्हणाला.