एकोणीस रुपये

मिरजेत, किल्ला भागात,
मगदूमकाकूंनी माझ्यापुढं बिल पसरलं.
पेन्सिल आधीच टोक काढून ठेवलेली.
"तीनशे बारा चॅनेल. बघते मी चार.
बाकीच्यांचं भाडं मी कशाला भरू?"

खेळ काढले. सिनेमे काढले.
कार्टूनपाशी हात जरा अडला,
"नातू आता फोनातच असतो,"
मग तीही काट.
नेट वरच्या नर्सबाईंशी निम्मं-निम्मं;
पासवर्ड कॅलेंडरवर, गॅसच्या तारखेशेजारी.

सहाशेचं बिल अडीचशेवर.
मलाच चेव आला,
"काकू, हे कन्नडही काढू?
एकोणीस वाचतील."

"अथणीची मी," म्हणाल्या.
"या घरात कुणाला येत नाही ती."

दोनशे एकतीस दिले.
मग डब्यातून एकोणीस,
सुटे,
वेगळे मोजून.