वाळ्याची वही

गोळीबार चौकातून आत, तिसरी गल्ली,
जिथे मागांचे खड्डे बुजवून
लोकांनी वर फरश्या टाकल्या,
तिथे मंदाकिनी सोनकुसरेने दोन खड्डे पुन्हा उकरले.
पाटीवर लिहिलंय: कूलरच्या ताट्या मिळतील.
खाली बारीक अक्षरात: आधी बसा.

मी तिचा हिशेबनीस.
महिन्यातून दोनदा जातो, स्कूटर सावलीत लावतो,
आणि कारखान्याच्या आधी वास येतो,
ओल्या वाळ्याचा, गल्लीच्या तोंडाशीच.

बाकीचे कूलरच्या जाळीत लाकडाचा भुसा कोंबतात.
ही वाळा विणून घेते,
ज्या बोटांनी एकेकाळी लुगड्यांचे करवतकाठ भरले
त्याच बोटांकडून, तेच दाते, ताटीच्या कडेला.
पाणी त्या दात्यांवर थांबतं, मग उतरतं.
मी म्हटलं, ताई, कूलरच्या आत कोण पाहणार काठ?
"पाणी पाह्यते ना," ती म्हणाली.

तिची वही अजब.
मजुरीच्या शेजारी एक खाना, त्याला मथळा नाही.
कौसल्या: डावा गुडघा. खड्डा नको, उंच माग.
रझिया: पोराची दहावी. मार्चात अर्धा दिवस.
लीलाबाई: बोलत नाही. विचारू नये.
मी: सोमवारी चिडते. रोकड मोजू नये.

एकदा मी चहा कापला.
चहा नव्हे, चहाचा पाऊण तास;
अकरा बाया, वर्षभर, गुणाकार मोठा होता.
"करून पाहा," ती म्हणाली, भांडली नाही.
आठवडाभरात ताट्या सैल यायला लागल्या.
कारण चहातच तर कौसल्या रझियाला सांगायची,
आजचा वाळा कोरडा हाये, दोन बोटं जास्त ओढ.
मी तो पाऊण तास गुपचूप परत लिहिला,
'प्रशिक्षण' या खात्यावर.

आणि मागच्या साली मे महिनाच रुसला.
नागपूर, आणि पारा छत्तीस!
लोक खूश, कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली,
चारशे ताट्या भिंतीला टेकून नुसत्या वास देत उभ्या.
मी कागद मांडला: तिघींना घरी पाठवा, निदान दिवाळीपर्यंत.
तिने कागद वाचला, घडी केली, बांगडीत खोचली.
मग सगळ्यांना बोलावून वही मधोमध उघडी ठेवली.
कर्ज, हप्ता, माझी फीसुद्धा.
"हे असं हाये. सांगा आता."

पंखा फिरत होता.
खूप वेळ कोणी काही नाही.
मला वाटलं, आकडे बायांना दाखवू नयेत ते यासाठीच.
तेवढ्यात लीलाबाई, जमिनीकडे पाहत:
"माह्यी बहीण सक्करदऱ्याच्या बाजारात बसते.
तिची मेथी अकरा वाजेलोक मान टाकते."
एवढंच. पुन्हा गप्प.

रात्री ताट्या अर्ध्या कापल्या,
हातगाड्यांना पडद्यासारख्या बांधल्या,
वर भोकं पाडलेली बाटली, थेंब थेंब.
मेथी तीन वाजता उभी होती.
पैसे? "संध्याकाळी. विकलं तर."
मी कपाळाला हात लावला.

आता अडुसष्ट गाड्या आहेत.
बँकेचे दोन हप्ते अजून थकलेत, ते लपवत नाही.
तिघींपैकी कोणी घरी गेलं नाही.
आणि येणे बाजूला, तिच्या अक्षरात,
रोज एक ओळ असते:
दहा रुपये, किंवा एक जुडी सांबार.

सांबार कोणत्या खात्यात बसतो?
मी नियम चाळले, साहेबांना विचारलं, ते हसले.
तिला विचारलं तर म्हणते, "जेवून जा मंग."

तूर्त मी ती ओळ पेन्सिलीने उतरवतो.
पेनाने लिहायची हिंमत होत नाही.
खोडायचीही.